स्टेपनी आवळली म्हणजे नेमके काय झाले?

सुट्या चाकाला आपण सर्रास 'स्टेपनी' म्हणतो. हे नाव वेल्समधील लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आले आहे. गाडीबरोबर जादा चाक ठेवण्याची पद्धतच नव्हती त्या काळात, १९०४ च्या सुमारास, तिथल्या डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, टायर चढवलेली एक धाव विकायला काढली. पंक्चर झालेल्या चाकावर ती बाहेरून चिमट्यांनी आवळायची आणि घर गाठायचे, अशी ती योजना होती. म्हणजे स्टेपनीच्या इतिहासात 'घट्ट आवळणे' ही क्रिया अगदी आरंभापासून आहे आणि आजच्या लेखाचा विषयही तोच आहे.

त्याला निमित्त झाले ते दक्षिण जर्मनीतील एका उन्हाळी संध्याकाळचे. ग्लायडर हे इंजिन नसलेले विमान हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुणेकरांना अनोळखी नाही. लांब पल्ल्याच्या उड्डाणात हवेचे ऊर्ध्व प्रवाह अचानक संपले, तर वैमानिकाला वाटेतल्या एखाद्या कापलेल्या शेतात उतरावे लागते. मग त्याचे सोबती लांबलचक ट्रेलर गाडीला जोडून निघतात, ग्लायडरचे पंख सोडवून सगळे त्यात ठेवतात आणि परत आणतात. अशाच एका फेरीत मी मदतीला गेलो होतो. परतल्यावर ट्रेलरचे झाकण उचलले, तेव्हा दिसले की दुचाकीच्या कॅरिअरवर सामान बांधायला वापरतात तशा दोन हुकवाल्या रबरी दोऱ्यांनी बांधलेली स्टेपनी एक हुक निसटल्यामुळे वीतभर सरकली होती आणि शेतरस्त्याच्या प्रत्येक धक्क्यासरशी पंखाला घासली होती. पंखाच्या पांढऱ्याशुभ्र लेपावर रुपयाएवढा काळपट डाग पडला होता आणि त्याच्या मध्यभागी काचतंतूंची वीण उघडी पडली होती. त्या पंखाचा पृष्ठभाग किती काळजीने घासून गुळगुळीत केलेला असतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला तो डाग पाहून काय वाटले असेल हे सांगायला नको.

ग्लायडरच्या ट्रेलरमध्ये जागेची फार ओढाताण असते. १५ मीटर विस्ताराच्या ग्लायडरचा एकेक पंख सुमारे साडेसात मीटर लांब असतो. दोन्ही पंख दोन बाजूंना कडेवर उभे राहतात, मधोमध धड बसते आणि यांच्यामध्ये काही ठिकाणी जेमतेम चार बोटांचे अंतर उरते. असे ट्रेलर बहुधा एकाच आसाचे असतात. त्यामुळे एक टायर बसला की प्रवास थांबतो, आणि ओढणाऱ्या गाडीचे सुटे चाक ट्रेलरला बसेलच असे नाही. म्हणून ट्रेलरची स्वतःची स्टेपनी लागते आणि ती बहुतेक वेळा या नाजूक सामानाच्या शेजारीच ठेवावी लागते.

असे सुटे चाक साधारण १५ किलो भरते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना त्याच्यात जेवढी गतिज ऊर्जा असते, तेवढी ते चाक २५ मीटर उंचीवरून, म्हणजे सुमारे आठव्या मजल्यावरून खाली टाकले तर जमिनीवर आपटताना असेल. 'वजनदार आहे, जागचे हलणार नाही' हा समज यासाठीच घातक आहे. खड्ड्यातून जाताना ट्रेलरचा तळ क्षणभर इतक्या झपाट्याने खाली जातो की चाकाचा तळावरचा दाब नाहीसा होतो. दाब नाही म्हणजे घर्षण नाही, आणि घर्षण नाही म्हणजे तेवढ्या क्षणापुरते ते चाक तळाशी कोणतेही नाते नसलेली वस्तू असते. रबरी दोरी अशा वेळी ताणली जाते, चाकाला उचलू देते आणि मग तीच ऊर्जा परत देऊन त्याला आपटते.

स्टेपनी कुठे ठेवायची हा प्रश्न तरफेच्या साध्या नियमाने सुटतो. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलार होते, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ट्रेलरचेही तसेच आहे. आस आणि गाडीला जोडणारे कपलिंग यांत ५ मीटर अंतर आहे असे धरू. १५ किलोचे चाक आसाच्या ३ मीटर मागे ठेवले, तर कपलिंगवरचा खालच्या दिशेचा भार ९ किलोंनी कमी होतो. तेच चाक ४ मीटर पुढे, ट्रेलरच्या नाकात ठेवले, तर हा भार १२ किलोंनी वाढतो. कपलिंगवरचा एकूण भार जिथे ७०-८० किलोंच्या घरात असतो, तिथे हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. भार फार कमी झाला की ट्रेलर वेगात असताना सापासारखा वळवळू लागतो. म्हणून मागचे टोक टाळावे आणि पुढे बसवताना गाडीवर व ट्रेलरवर लिहिलेली भाराची कमाल मर्यादा वाचावी. तळाखाली आसाजवळ बसवणे समतोलाच्या दृष्टीने उत्तम असते, पण टायर बसल्यावर ट्रेलर एका बाजूला झुकतो आणि नेमकी तेव्हाच खालची स्टेपनी ओढून काढायला जागा उरत नाही. कुठेही बसवली तरी ग्लायडर आत असताना, अंधारात, एका माणसाला ती काढता आली पाहिजे.

आता मूळ मुद्दा: बोल्ट. बोल्ट आवळणे म्हणजे दोन वस्तूंमधून खिळा ठोकल्यासारखे आहे असे आपल्याला वाटते, परंतु प्रत्यक्षात बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट लांब होतो आणि पुन्हा आखडण्याच्या धडपडीत तो मधल्या वस्तूंना एकमेकींवर दाबून धरतो. १० मिलिमीटर जाडीचा, ८.८ प्रतीचा (ही पोलादाच्या ताकदीची प्रत) बोल्ट योग्य तेवढा आवळला, तर त्यात सुमारे अडीच टनांचा ताण निर्माण होतो. पकडीची लांबी ५ सेंटीमीटर असेल, तर हा ताण यायला तो किती लांबतो? केवळ ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतका. हा आकडा मला फार विलक्षण वाटतो, कारण जोडाची सगळी ताकद त्या एका पानाएवढ्या लांबीत साठवलेली असते. बोल्टच्या खाली ट्रेलरच्या तळाचे प्लायवूड असेल आणि ते ओल, उष्णता व सततचा दाब यांमुळे पानभर जरी दबले, तरी नट तसूभरही न फिरता ताण जवळजवळ संपून जातो.

ताण उतरला की पुढे काय होते, हे १९६९ मध्ये गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवले. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा होता की वर-खाली हादऱ्यांमुळे नट सैल होतात. युंकर यांनी दाखवले की खरा शत्रू आहे तो आडवा, म्हणजे बोल्टच्या लांबीला काटकोनात बसणारा हादरा. याचे कारण समजायला एक लाकडी फळी थोडी तिरकी धरून तिच्यावर ठोकळा ठेवावा. उतार कमी असेल तर घर्षणामुळे ठोकळा जागीच राहतो. आता त्याला उताराच्या आडव्या दिशेने डावीकडे-उजवीकडे हलवत राहावे. तुम्ही खाली अजिबात ढकललेले नसते, तरी ठोकळा हळूहळू खाली उतरू लागतो. घर्षण एका वेळी एकाच दिशेने, म्हणजे सरकण्याच्या विरुद्ध, काम करते. आडव्या सरकण्याला विरोध करण्यात ते पूर्ण गुंतले की उताराच्या दिशेने आधार द्यायला काहीच शिल्लक राहत नाही. बोल्टचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला असाच उतार असतो. १० मिलिमीटरच्या बोल्टमध्ये तो जेमतेम ३ अंशांचा असतो आणि एरवी घर्षण त्याला सहज पुरून उरते. पण जोड आडवा सरकू लागला की ताणलेला बोल्टच नटाला त्या उतारावरून खाली ढकलतो, म्हणजे नट स्वतःहून उलटा फिरतो.

यावरून एक गणित निघते. घर्षणाचा गुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळते तो आकडा, ०.१५ धरला, तर अडीच टन ताणामुळे जोडाला सुमारे ३७५ किलोंचा आडवा जोर सरकवल्याशिवाय पेलता येतो. १५ किलोच्या चाकाला गुरुत्वाच्या तिप्पट धक्का बसला तरी जोर होतो ४५ किलो. जोड सरकतच नाही, त्यामुळे नटाला फिरायला संधीच मिळत नाही. ताण उतरून २०० किलोंवर आला, तर हीच मर्यादा ३० किलो होते आणि प्रत्येक खड्डा नटाला थोडे थोडे मागे फिरवतो. दुकानदार हमखास देतात ते फाटलेल्या कड्याचे स्प्रिंग वॉशर इथे उपयोगी पडत नाही, कारण बोल्ट नीट आवळला की ते चपटे होऊन साध्या वॉशरसारखेच वागते. नायलॉनचे कडे असलेला नट ताण टिकवत नाही, मात्र गळून पडत नाही, आणि एवढा गुण पंखाशेजारी मोलाचा आहे. खरा उपाय म्हणजे बोल्टच्या वाटेतून लाकूड बाजूला काढणे. प्लायवूडमध्ये मोठे भोक पाडून त्यात पोलादी नळी बसवावी, वर-खाली जाड पट्ट्या द्याव्यात आणि बोल्टचा दाब त्या नळीतून थेट सांगाड्यापर्यंत पोचवावा.

चाक पकडताना पकड टायरवर नव्हे, धातूच्या रिमवर असावी. टायरवरून पट्टा आवळला, तर हवा उतरल्याबरोबर पट्टाही ढिला होतो, आणि महिनोन्महिने कुणी न पाहिलेल्या स्टेपनीतली हवा उतरतेच. 'नायट्रोजन भरा, मग बघायलाच नको' असे पेट्रोल पंपावर छातीठोकपणे सांगितले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेला ऑक्सिजन रबरातून थोडा लवकर झिरपतो हे खरे आहे, पण एवढ्याने दाब मोजण्यातून सुटका होत नाही. उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये रबर न वापरताही म्हातारे होते. जर्मनीत ताशी १०० किलोमीटरची परवानगी असलेल्या ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून जुने चालत नाहीत, तेव्हा टायरच्या कडेवरचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी क्रमांक स्टेपनीवरही वाचावा.

त्या ट्रेलरमध्ये आम्ही पोलादी नळ्या घालून नवा आधार बसवला, बोल्ट टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर लागला की खटकन वाजणाऱ्या पान्याने) आवळले आणि नटावरून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. पुढच्या फेरीत ५० किलोमीटरवर थांबून तपासले, तर रेघ अखंड होती, तरीही टॉर्क पान्याने एक नट वेढ्याच्या आठव्या भागाइतका पुढे गेला. नट फिरलेला नव्हता, पट्टीखालचा ताजा रंग दबला होता. तिथेच नवी रेघ ओढली. परतीच्या थांब्यावर पाना लावल्याबरोबर खटकन वाजला आणि चारही नट जागचे हलले नाहीत.