टाचणी ते कढीपत्ता

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉलसाठी कीटकांचं प्रदर्शन आखायला बसलो, तेव्हा पहिला वाद पेट्यांवरून झाला. काचेखाली टाचणीने टोचलेली फुलपाखरं मांडायची की नाही? (चतुर नावाच्या कीटकाच्या सडपातळ भावंडालाही मराठीत टाचणीच म्हणतात, योगायोग जरा बोचराच.)

पेटीची रीत युरोपातल्या हौशी संग्राहकांची. त्यात रंग उरतो, जगणं जातं. तिला छेद दिला जर्मन चित्रकार आणि कीटक-अभ्यासक मारिया सिबिला मेरियन हिने. 1699 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मुलीला घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. 1705 साली छापलेल्या पुस्तकात तिने सुरवंट, कोष आणि फुलपाखरू त्यांच्या झाडासकट एकाच चित्रात दाखवले. आजचं कुठलंही बरं दालन तिचं देणं लागतं, असं मला वाटतं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कीटकांसाठी वेगळं घर 1881 मध्ये झालं. पण जिवंत असला तरी किडा एवढासाच. ही अडचण सोडवली बर्लिनच्या संग्रहालयातल्या आल्फ्रेड केलरने. 1930 पासून तो माशी, पिसू यांची भलीमोठी मॉडेलं करायचा, केसन् केस बसवून. एकेकाला वर्षभर लागायचं. अशा माशीपुढे उभं राहिलं की लहान होतो तो बघणारा. पुढे प्रोजेक्टर आले, अंधाऱ्या खोल्या आल्या, युक्ती तीच. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात 2023 पासून पानं कापणाऱ्या मुंग्या चक्क लोकांच्या डोक्यावरून पारदर्शक पुलाने जातात.

आणि आपल्याकडे? घोडबंदर रोडवरच्याच ओवळ्याला राजेंद्र ओवळेकर यांची फुलपाखरांची वाडी आहे. तिथे ना पेटी ना पडदा. सुरवंटांना लागणारी झाडं लावली, फुलपाखरं आपणहून आली. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉनसुद्धा अंडी घालायला लिंबाच्या जातीचंच झाड शोधतं.

म्हणून आमच्या हॉलच्या दाराशी आधी कढीपत्त्याच्या कुंड्या, तोही लिंबाच्याच कुळातला. लाइम फुलपाखराची अळी त्यावर हमखास येते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, वाढली की हिरवीगार होते. बोट लावा, डोक्यामागून केशरी दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे कुठल्या प्रोजेक्टरला जमायचं? फक्त पेस्ट कंट्रोलवाल्याला दर महिन्याला आठवणीने फोन करावा लागेल, कुंड्यांवर फवारू नको म्हणून.