वनस्पती तूप नेमकं कुठलं?

व्यापार करार झाला की दोन घोषणा हमखास कानावर येतात. एक, ‘आता निर्यात दुप्पट’. दुसरी, ‘परका माल आपल्याला बुडवणार’. माल ‘त्या देशाचा’ कशावरून, हे मात्र कोणी विचारत नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार १ मार्च २००० पासून लागू झाला. थोड्याच वर्षांत श्रीलंकेतून भारतात वनस्पती तूप येऊ लागलं. त्यासाठीचं पामतेल मात्र बाहेरून आणलेलं. भारतात पामतेलावर भारी आयात शुल्क होतं, श्रीलंकेत त्याहून बरंच कमी.

मग करारात पळवाट होती का? माल श्रीलंकेचा ठरून भारतात शुल्काविना येण्याच्या अटी तर कडक दिसत होत्या. किमान ३५ टक्के मूल्यवर्धन (म्हणजे किमतीत पडलेली भर) श्रीलंकेत व्हावं आणि आयात कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा सीमाशुल्क यादीतला चार आकडी क्रमांक वेगळा असावा. पामतेलाचा क्रमांक १५११, वनस्पतीचा १५१६. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलं की क्रमांक आपोआप बदलतो.

राहिलं मूल्यवर्धन. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पामतेल ५० रुपयांचं. भारतात ८० टक्के शुल्क भरून ते ९० ला पडतं, प्रक्रियेचे १० धरून तूप १०० ला. श्रीलंकेत (तिथलं शुल्क सोयीसाठी शून्य धरून) तेच तूप ६० रुपयांत तयार होतं, पण विकलं जातं ९५ ला, कारण भारतातला भाव शुल्कामुळे चढलेला. विक्री किमतीतून आयात तेल वजा करा: ४५ रुपये, म्हणजे ४७ टक्के ‘मूल्यवर्धन’! खरं काम १० रुपयांचं; उरलेले ३५ भारताच्याच शुल्कातून आले. म्हणजे शुल्क जितकं जास्त, तितकी ही अट पाळणं सोपं. आपल्या तिजोरीत येणारे ४० रुपये मात्र बुडाले.

तांब्याचंही असंच झालं. आयात भंगार वितळवून बनवलेलं तांबं ‘श्रीलंकेचं’ ठरलं. श्रीलंकेची निर्यात वाढली हे खरंच, पण त्या आकड्यावरून तिथला उद्योग फुलला असं म्हणणं हा निव्वळ गाजावाजा. पुढे भारताने वनस्पतीवर वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली आणि ती लाट ओसरली.

मला खरं खुपतं ते वेगळंच. जो चहा श्रीलंका स्वतःच्या डोंगरांवर पिकवते, त्याला सवलत होती वर्षाला फक्त दीड कोटी किलोपर्यंत. तयार कपड्यांना ८० लाख नगांपर्यंत, आणि त्यातले बहुतेक सुरुवातीला भारतीय कापडाचेच शिवलेले हवेत.