गाडीच्या रंगासाठी कडक वॅक्स घ्यावे की मऊ? – ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी आमच्याकडे सोडताना बहुतेक ग्राहक "पॉलिश मारून द्या" एवढेच सांगतात. प्रत्यक्षात पॉलिश आणि वॅक्स ही दोन निरनिराळी कामे आहेत. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात आणि ते रंगावरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे क्लिअर कोटचा, अगदी पातळ पापुद्रा काढून चरे पुसट करते. हा थर साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो, हे लक्षात घेतले की वारंवार पॉलिश करून घेणे गाडीच्या हिताचे का नाही, ते कळते. वॅक्स रंगाचे काही काढून नेत नाही, त्यावर स्वतःचा थर चढवते, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा लावले तरी चालते. 'क्लीनर वॅक्स' नावाच्या डबीत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र असतात, म्हणून ती विकत घेताना लेबल वाचून घ्यावे.

कडक वॅक्सचा मुख्य घटक म्हणजे कार्नाउबा. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या भागात वाढणारा एक ताड आपल्या पानांतले पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून पानांवर मेणाचा थर धरतो. ती पाने तोडून, वाळवून आणि झोडपून हे मेण मिळवले जाते. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. शुद्ध कार्नाउबा इतके ठिसूळ असते की ते गाडीवर पसरवताच येत नाही, म्हणून त्यात तेले, द्रावके आणि दुसरी मेणे मिसळावीच लागतात. 'शंभर टक्के कार्नाउबा' असे लिहिलेली मऊसूत डबी कोणी आपल्यासमोर ठेवली, तर ते शंभर टक्के नेमके कशाचे, असे अवश्य विचारावे. मऊ वॅक्समध्ये तेलांचे आणि द्रावकांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे ते सायीसारखे पसरते, हात न दुखता पुसले जाते आणि गडद रंगाला ओलसर, खोल अशी झळाळी देते. टिकण्यात मात्र ते कमी पडते.

येथे एक गैरसमज दूर करणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. 'कडक' हा शब्द डबीतल्या मेणाला उद्देशून आहे. गाडीवर उरणारा थर कोणत्याही वॅक्सचा असला, तरी तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि चावीचा ओरखडा किंवा शेजारच्या गाडीच्या दाराचा ठोका त्याने अडत नाही. वॅक्स अडवते ते पाणी, धूळ, झाडांचा चीक आणि काही काळ पक्ष्यांची विष्ठा. विष्ठा पडल्यावर ती लगेच ओल्या फडक्याने भिजवून उचलावी लागतेच. वॅक्समुळे फक्त आपल्या हाताशी थोडा अधिक वेळ राहतो.

निवड करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो गाडी कोठे उभी असते, हा. सोसायटीच्या तळघरात किंवा छताखाली उभ्या राहणाऱ्या आणि आठवड्यातून दोन-तीनदाच बाहेर पडणाऱ्या गाडीला मऊ वॅक्स पुरेसे आहे. दर महिना-दीड महिन्याने रविवारी सकाळी आपणच ते लावावे, त्यात आनंदही आहे. याउलट हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात कार्यालयाबाहेर दिवसभर उघड्यावर तापणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातले तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचे बॉनेट भर दुपारी ६० अंशांच्याही पुढे तापते, म्हणजे जेथे मधमाश्यांचे मेण वितळू लागते तेथवर पोहोचते. अशा गाडीवर तेलकट, मऊ थर लवकर ढिला पडतो आणि भोवतालच्या बांधकामांची धूळ त्यावर बसते. तेथे कडक वॅक्सच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या अनुभवाप्रमाणे उघड्यावरच्या गाडीवर ते दीड-दोन महिने आणि छताखालच्या गाडीवर तीन महिन्यांपर्यंत काम देते.

दुसरा प्रश्न गाडी रोज कोण आणि कशाने पुसते, हा. अनेक सोसायट्यांत पहाटे एकाच बादलीच्या पाण्यात एकच फडके बुचकळून दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीच्या दारावर फिरते, आणि उन्हात पाहिले की तेथे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. हे चरे कोणतेही वॅक्स थांबवू शकत नाही. मऊ वॅक्समधली तेले ते काही दिवस लपवतात, एवढेच. गाडी पुसणाऱ्यास आपल्या गाडीसाठी मायक्रोफायबरची दोन वेगळी फडकी द्यावीत, आणि धूळ आधी पाण्याने उतरवून मगच फडके लावण्यास सांगावे. भांड्यांच्या साबणाने गाडी धुणे तर टाळावेच, कारण तो चिकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो आणि वॅक्सही काढून नेतो. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी गाडीवर वाळू दिले तर क्षारांचे पांढरे डाग बसतात, म्हणून धुतल्यावर गाडी लगेच कोरडी करावी.

वेळ निवडायची झाल्यास मे महिन्याच्या अखेरीस एकदा, म्हणजे पावसाच्या आधी, आणि दसऱ्याच्या आठ दिवस आधी एकदा वॅक्स करून घ्यावे. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला आपण बॉनेटवर हळदकुंकू वाहतो आणि झेंडूचा हार घालतो. वॅक्स असलेल्या रंगावरचे ओले कुंकू धुतल्यावर बरेच सहज निघते. हार मात्र दोऱ्याचाच घ्यावा, तारेचा घेऊ नये.

स्वतः लावणार असाल, तर गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागत असताना लावावे. हे आम्ही चुकून शिकलो आहोत. सुरुवातीच्या काळात आम्ही एका काळ्या गाडीच्या टपावर उन्हातच कडक वॅक्स लावले, ते क्षणात वाळून असे चिकटले की तो एक भाग साफ करण्यात दुपार गेली. कडक वॅक्स फोम पॅडवर नखाएवढे घ्यावे, एका वेळी निम्मे बॉनेट करावे आणि थोड्या वेळाने बोट ओढून पाहावे. बोटामागे स्वच्छ रेघ उमटली की पुसण्याची वेळ झाली, बोट ओशट झाले तर आणखी थांबावे. काळ्या प्लॅस्टिकला आणि रबराला वॅक्स लागू देऊ नये, तेथे वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

वॅक्स उतरले की नाही, हे पहिल्या सरीत कळते. थर शाबूत असेल तर पाण्याचे टपोरे, सुटे थेंब उभे राहतात. थर गेला असेल तर पाणी चादरीसारखे पसरून बसते. बॉनेटवर थेंब आणि दरवाजांच्या खालच्या भागावर चादर, असे दिसल्यास फक्त खालच्या भागालाच पुन्हा वॅक्स लावले तरी चालते, आणि तसे सांगणाऱ्या ग्राहकाकडून आम्ही पूर्ण गाडीचे पैसे घेत नाही.

मॅट रंगाच्या गाडीला यांपैकी कोणतेही वॅक्स लावू नये, तिचा मंदपणा डागाडागांनी बिघडतो. डेंटिंग-पेंटिंग होऊन आलेल्या भागाला रंग पूर्ण मुरेपर्यंत, म्हणजे किमान एक महिना आणि रंगकाम करणाऱ्याने अधिक सांगितले असल्यास तितके दिवस, वॅक्सपासून दूर ठेवावे. अशी गाडी असल्यास काम देतानाच आम्हाला सांगावे, म्हणजे तेवढा भाग आम्ही टेप लावून झाकून घेऊ.