एनएफएलचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल नव्हेत

ऑक्टोबर 1989 मध्ये लॉस एंजेलिस रेडर्सने आपला जुना खेळाडू आर्ट शेल याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. तेव्हापासून ‘अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक’ ही उपाधी त्याला चिकटली ती चिकटलीच. शेल मोठा माणूस, वाद नाही; पण हा मान फ्रिट्झ पोलार्डचा, आणि तोही तब्बल 68 वर्षं आधीचा.

ब्राउन विद्यापीठाकडून 1916 चा रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना खेळलेला पोलार्ड पुढे ओहायोच्या अ‍ॅक्रन प्रोजकडे आला. 1920 मध्ये या संघाने एकही सामना न हरता लीगचं पहिलंच विजेतेपद पटकावलं. 1921 मध्ये पोलार्ड खेळता खेळताच प्रशिक्षक झाला. ही जबाबदारी एल्गी टोबिनसोबत होती. लीगचं नाव तेव्हा वेगळं होतं, एनएफएल हे बारसं 1922 चं. त्यावर बोट ठेवून कुणी काथ्याकूट करतं, पण लीग तीच.

मान होता म्हणून वागणूक बरी होती असं नाही. सामन्याआधी त्याला संघमालक फ्रँक नीड यांच्या सिगारच्या व्यवसायाच्या जागेत कपडे बदलावे लागत. मैदानात खाली पडला की अंगावर मुद्दाम उड्या पडत, म्हणून तो चटकन उताणा होऊन बुटांचे खिळे वर रोखायचा.

मग विसर का पडला? 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. एवढी दारं बंद झाल्यावर जुनी नावं कोण काढणार? पोलार्ड 1986 मध्ये गेला. या खेळातल्या दिग्गजांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं 2005 मध्ये. शेलबद्दल ‘आधुनिक काळातला पहिला’ म्हणा, चालेल.