लुगडे (ग्रामीण विदर्भ)

लुगडे : सुमारे नऊ वार लांबीचे, कुठेही शिलाई नसलेले, परकराविना काष्टा घालून नेसायचे स्त्रियांचे वस्त्र. विदर्भाच्या खेड्यांत ‘लुगडं’ आणि ‘पातळ’ हे दोन शब्द वेगळे चालत. लुगडे म्हणजे जाड सुताचे, बहुधा हातमागाचे, गडद रंगाचे आणि कामाचे. पातळ म्हणजे मिलचे, तलम, सणावाराचे किंवा शिकलेल्या बाईचे. वऱ्हाडी बोलीत ळचा य होत असल्याने कानावर ‘पातय’ आणि ‘चोयी’ असे येते. हे वस्त्र कोणाचे आहे ते गावाला त्याच्या काठावरून कळे. काठ पायावर कुठे टेकतो, गुडघ्याखाली, पोटरीवर की घोट्यावर, यात नेसणारीचे काम, जात आणि घरची ऐपत दिसायची. म्हणून लुगड्याचा सामाजिक इतिहास सांगायचा तो या काठाच्या चढउताराचा.

माप आणि कापड

नऊ वार म्हणजे 27 फूट, मेट्रिक मापात 8.23 मीटर. जुन्या बायका हाताने मोजत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, 18 इंच. त्या हिशेबाने पुरते लुगडे अठरा हाती होते. सोळा हातीही विकले जाई, पण ते अंगाने बारीक बाईलाच पुरे. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 45 ते 50 इंच. स्वस्त मालात कापड वाचवले जाई ते लांबीत नि पन्ह्यातही, आणि गिऱ्हाईक लांबी मोजून घेई, पन्हा मोजायचे विसरे. पन्हा तीन बोटे कमी पडला की काठ तेवढा वर जातो. मग कितीही नीट नेसा, उपयोग नाही.

सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. 840 वारांची एक लड धरली तर एका पौंडात जितक्या लडी बसतात तो नंबर. 40 नंबरी सुताच्या एका पौंडात 33,600 वार धागा. शेतात नेसायच्या लुगड्याला 20 ते 40 नंबरी सूत लागे. 80 नंबरीचे पातळ पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वाळल्या बोंडांत एका हंगामात चिंध्या होते. रंग गडद असण्याचे कारणही तेच: हिरवा, काळा, अंजिरी, जांभळा यांवर काळ्या मातीचा डाग दिसत नाही.

नागपूर, उमरेड, पवनी आणि भंडाऱ्याच्या मोहाडी भागातले कोष्टी व हलबा कोष्टी विणकर हे इथल्या लुगड्यांचे मुख्य कारागीर. त्यांचे नावाजलेले वस्त्र म्हणजे करवतकाठी. तिचा काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे करवतीच्या दातांसारखी रांग दिसते. ती नंतर भरलेली नक्षी नसते, विणतानाच तयार होते. दोन्ही काठांना एकेक आणि अंगाला एक असे तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधने) चालतात आणि रंग बदलतो तिथे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकवले जातात. हा अडकाव चुकला की काठ आणि अंग यांच्यामध्ये फट पडते, आणि दोन धुण्यांत ती उसवते. अंग कोसा (टसर) रेशमाचे, काठ सुती. कोसा भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातला, ऐनाच्या झाडांवर पोसलेला. कोसा पोसण्याचे हे काम प्रामुख्याने ढीवर कुटुंबे करतात. करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. विणणाऱ्याच्या घरातली बाई मात्र नेहमी सुतीच नेसे.

नेसण

काष्ट्याची घडी अशी पडते. लुगडे पाठीमागून कमरेला धरायचे. डाव्या हाताशी आखूड टोक, सुमारे दोन हात, उजव्या हाताशी बाकी सगळे. दोन्ही बाजूंचे वरचे काठ पुढे आणून बेंबीखाली घट्ट गाठ. मग लांब भाग पाठीमागून फिरवून, उजव्या काखेखालून छातीवर आणि डाव्या खांद्यावर टाकायचा. गाठ आणि पदर यांच्यामध्ये जे कापड मोकळे उरते त्याच्या निऱ्या करून कमरेत खोचायच्या. शेवटी निऱ्यांचा खालचा मधला काठ दोन पायांतून मागे नेऊन, बारीक घड्या घालून पाठीच्या मध्यावर खोवायचा. हा काष्टा.

अठरा हातांची वाटणी अंदाजे अशी: कमरेभोवती चार, छाती-पाठ-डोके मिळून पाच-सहा, उरलेले आठ-नऊ निऱ्यांत आणि काष्ट्यात. सासरे आणि भासरे (नवऱ्याचे थोरले भाऊ) यांच्यापुढे डोक्यावरून पदर लागे, म्हणून वऱ्हाडात पदराला कापड जास्त ठेवत आणि निऱ्या आखडत. निऱ्यांच्या वरचा फुगीर भाग म्हणजे ओचा. पैसे, सुपारी, कधी चार वांगीसुद्धा त्यात राहत. सुटे पैसे मात्र कनवटीला.

बिघडते ते बहुतेक चार ठिकाणी. गाठ सैल असली की काष्टा चालताना उतरतो, आणि मांड्यांना घासून साल निघते. काष्टा फार ओढून खोवला तर उकिडवे बसताना मागचे कापड फाटते. निंदणाऱ्या बाईचे लुगडे पहिल्यांदा तिथेच जाते. निऱ्या उजव्या-डाव्या सारख्या न पडल्यास एका पायावर काठ लोंबतो आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पाय अडकतो. चौथी चूक नव्या लुगड्याची: कोऱ्या कापडात खळ असते, निऱ्या फुगून राहतात, बसत नाहीत. म्हणून नवे लुगडे एकदा भिजवून, मिठाच्या पाण्यातून काढून मग नेसत. यात रंगही थोडा बसे. तरी पहिल्या दोन धुण्यांत ते वेगळेच धुवायचे, नाहीतर घरातले धोतर हिरवे.

दांड आणि जुनेर

लुगडे मधोमध विरते, टोके चांगली राहतात. विरलेला भाग आडवा फाडून काढायचा आणि चांगली दोन टोके जोडायची, या जोडाला दांड म्हणतात. जोड दुहेरी दुमडून शिवावा लागतो. साधा टाका घातला तर निऱ्या खोचताना उसवतो. दांड घातले की वार-दीड वार लांबी जाते. तेवढ्या निऱ्या कमी होतात, काष्टा ओढून घ्यावा लागतो आणि काठ पोटरीच्या वर चढतो. गरिबी अशी चार बोटांच्या मापाने दिसे. दांडाचे लुगडे घालून बाई लग्नाला जात नसे. गेलीच तर दांड निऱ्यांच्या आत दडवी.

त्यापुढे ते जुनेर होई: गोधडीचे अस्तर, बाळाची झोळी, पाळीच्या घड्या, आणि कापूस वेचताना पोटाशी बांधायची ओटी. ओटी मऊ जुनेराचीच हवी. कोऱ्या कापडाची कड बोटांना आणि पोटाला कापते.

काठाची उंची

काठ कुठे असावा हे सगळे कामावर ठरत नव्हते. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भातपट्ट्यात, रोवणीला (भाताच्या लावणीला) बांधीत, म्हणजे भातखाचरात, गुडघाभर चिखल असतो. तिथे काठ वर खोचणे सोयीचे. पण रोवणी संपली तरी ज्या बायकांचा काठ वरच असावा अशी गावाची अपेक्षा होती, त्या ठरलेल्या जातींच्या होत्या. पाटलीणबाईचा काठ घोट्यावर, मजुरणीचा पोटरीवर, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बाईने तो खाली सोडला तर टोमणा ठरलेला. दागिन्यांचेही तसेच. सोने वरच्यांचे; चांदी, कथील, पितळ खालच्यांचे. हातातले जाड गोट आणि गळ्यातल्या भरगच्च सऱ्या या सजावटीइतक्याच ओळखपट्टीचे काम करीत.

डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे बोलताना नेमक्या याच गोष्टीला हात घातला: लुगडे वरच्या जातींच्या बायकांसारखे, काठ घोट्यापर्यंत येईल असे नेसा आणि जातीची खूण सांगणारे जड दागिने उतरवा. महाड कोकणातले, पण या सांगण्याचा पगडा विदर्भात खोल बसला. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात अस्पृश्य स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेला आलेल्या स्त्रियांनी पांढरी पातळे नेसली. पांढरे वस्त्र काळ्या मातीच्या मुलखात एक दिवसही स्वच्छ राखणे किती कठीण, हे ज्याने धुतले त्यालाच माहीत; त्या रंगाची निवड म्हणूनच जाणीवपूर्वक होती. बौद्ध वस्त्यांत आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि लग्नात पांढऱ्या साडीला मान आहे. पांढरा म्हणजे विधवेचा, ही समजूत तिथे चालत नाही.

विधवेचे वस्त्र हा जातीप्रमाणे बदलणारा दुसरा नियम. ब्राह्मण घरांत केशवपन आणि आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे वस्त्र. कुणबी, तेली, माळी अशा शेतकरी जातींत पाट लावण्याची (विधवेच्या पुनर्विवाहाची) मुभा असल्याने लुगड्याचा रंग फारसा बदलत नसे. कुंकू आणि हिरव्या बांगड्या जात. कुंकवाखाली मेण लावायचे असल्याने फणी-करंड्यात मेणाची डबी असे. प्लास्टिकची टिकली आली, मेण गेले, आणि कुंकवाचा आकारही आकसला.

चोळीचा प्रवास वेगळा. खणाची, समोर गाठ मारायची चोळी आधी. हुकाचे, शिंप्याने मापाने शिवलेले पोलके नंतर. गडचिरोलीतल्या जुन्या माडिया आदिवासी स्त्रियांत चोळी घालायची प्रथाच नव्हती, तिथे पोलके आले ते शाळा आणि बाजार यांच्या वाटेने.

मिल, खादी, कंट्रोल

इंग्रजांनी 1853 मध्ये वऱ्हाड ताब्यात घेतले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईमार्गे बाहेर जाऊ लागला. त्याच गाड्यांनी विलायती कापड आत आले. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मिलच्या पातळाने हातमागाच्या लुगड्याला पहिला धक्का दिला, पण काष्टा हलवला नाही. नऊ वारांची मागणी होती तोवर मिलनेही नऊ वार विणले. 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आल्यावर वर्ध्याच्या परिसरात पांढरी खादी आणि गोल (काष्ट्याविना नेसायची) साडी यांना प्रतिष्ठा आली. जाड खादीचे नऊवार भिजले की अंगावर दगड बांधल्यासारखे होते, त्यामुळे मजुरणींनी ती क्वचितच उचलली. 1943 च्या कापड नियंत्रण आदेशाने कापडाचा पुरवठा आखला आणि ‘कंट्रोलचं लुगडं’ हा शब्द बोलीत राहिला. पन्हा अपुरा, सूत विरळ, असा त्याचा अर्थ.

गोल साडी ते गाऊन

काष्टा सुटला तो पाचवारीने. नाव पाचवारी, पण बाजारात मिळणारी साडी 5.5 मीटरची, म्हणजे सहा वार. काष्ट्याचे कापड त्यात नाही, त्यामुळे परकर आणि नाडी आली, काठाला फॉल आला. तालुक्याच्या गावात ‘फॉल-पिको करून मिळेल’ ही पाटी शिवणयंत्रवाल्या बायकांची कमाई झाली. फॉल सुमारे अडीच मीटर. आधी भिजवून वाळवून लावायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि काठाला चुण्या पडतात. गोल नेसणे हे आधी शिक्षिका, नर्सबाई, ग्रामसेविका यांचे लक्षण होते. मग नव्या सुनेचे झाले. सासू काष्ट्यात आणि सून गोल साडीत, अशी एकाच चुलीपाशी दोन नेसणी अनेक घरांत दोन-तीन दशके नांदल्या. नायलॉन आणि नंतर सुरतेच्या पॉलिस्टरने उरलेले काम केले: न इस्त्री, न खळ, रात्री धुतली की सकाळी वाळते. उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते आणि चुलीच्या ठिणगीने वितळून कातडीला लागते, ही तिची किंमत.

नटण्याचा नमुना कुठून येई, तर बराचसा रंगमंचावरून. दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांत बाईचे सोंग पुरुषच घेत, आणि त्या नाच्याचा काठ, निऱ्या, ओचा इतका रेखीव असे की बायका तो पाहायला येत. पुढे झाडीपट्टी नाटकांत अभिनेत्री आल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई (जत्रा) भरते, वडसा येथील कंपन्यांची नाटके रात्रभर चालतात, आणि त्या हंगामात दिसलेली बाही वा गळा संक्रांतीपर्यंत गावच्या शिंपिणीकडे मागितला जातो.

आज वेचणीला जाणाऱ्या बाईचे वस्त्र असे असते: खाली साडी किंवा गाऊन, वर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल. बोंडाच्या टोकदार पाकळ्या, ऊन आणि फवारणीचे औषध या तिन्हींवर शर्ट हा उपाय आहे. काष्ट्याने पाय मोकळे राहत, पण हात उघडेच होते. गाऊनवर बाहेर निघताना खांद्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकतात. तो पदराचा वारस. अंत्योदय शिधापत्रिकेवर वर्षाला एक साडी देण्याची राज्य सरकारची योजना आहे. रेशन दुकानातून मिळते ती गोल नेसायचीच.

नऊवार उरले ते साठीपुढच्या बायकांच्या अंगावर आणि लग्नाच्या मांडवात. मांडवातले बहुधा शिवलेले: कमरेला नाडी, निऱ्या पक्क्या टाचलेल्या, काष्टा आधीच जोडलेला. शिवायला देताना कंबर, नितंब आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची ही तीन मापे द्यावी लागतात. जोडवी नि चपला घालूनच उंची मोजावी. भाड्याने आणलेल्यात उंची ठरलेली असते, त्यामुळे बुटक्या नवरीचा काठ जमिनीवर लोळतो, आणि आत्या-मावश्या सेफ्टी पिना घेऊन तो वर टाचतात.