इंदूर कंपोस्ट पद्धत

शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थराथरानं रचून साधारण ९० दिवसांत खत करायची पद्धत. १९२४ ते १९३१ च्या दरम्यान इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये ती बसवली गेली.

श्रेय सरसकट ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांना देतात, पण १९३१ च्या मूळ पुस्तकावर त्यांच्याबरोबर संस्थेतले रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचंही नाव आहे, ते मात्र पुढे मागेच पडलं. मुळाबद्दल तीन मतं दिसतात. एक म्हणजे हे चीनकडून आलं, कारण तिथल्या शेतकऱ्यांच्या खतावर किंग या अमेरिकन मृदातज्ज्ञाचं पुस्तक १९११ मध्ये आलं होतं आणि हॉवर्ड त्याला फार मानायचे. दुसरं, इंग्लंडात रॉथमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ च्या सुमारास दाखवलं की नुसता पेंढा नीट कुजत नाही, त्याला नायट्रोजन, हवा आणि ओल तिन्ही लागतात, आणि त्यावर त्यांनी एक रासायनिक पावडरही काढली. तिसरं मत थेट वृक्षायुर्वेदातल्या, म्हणजे झाडांविषयीच्या जुन्या शास्त्रातल्या, कुणपजलापर्यंत जातं (सुरपालाचा ग्रंथ साधारण दहाव्या-अकराव्या शतकातला धरतात), पण कुणपजल हे आंबवलेलं पातळ खत, त्यामुळे हा धागा जरा ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. रॉथमस्टेडची पावडर काढून तिथे शेण आणि गोमूत्र घातलं हाच इंदूरचा खरा बदल, असं मानणं जास्त पटतं.

शेण थोडं, कारण बरंचसं गोवऱ्यांत जायचं. म्हणून भर मूत्रावर. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची, मूत्र मुरलेली माती दर तीन-चार महिन्यांनी उकरून घ्यायची आणि तिथे नवी भरायची. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) टणक असतात, तशाच टाकल्या तर कुजत नाहीत, त्यामुळे हॉवर्ड त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चिरडून घ्यायचे आणि मग जनावरांखाली अंथरायचे.

खड्डा सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, कारण त्याहून खोल गेलं की खाली हवा पोचत नाही. काडीकचऱ्यावर शेण, मूत्राची माती आणि राख, वर पाणी, असे थर. विरजण म्हणून आधीच्या खड्ड्यातला अर्धवट कुजलेला माल. सुरुवातीला कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण ३० ते ३३ ला १ च्या आसपास हवं. पहिली पालटणी (माल खालीवर करणं) साधारण दोन आठवड्यांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. ढीग ५५–६५ अंश सेल्सिअसला तापला की तणाचं बी आणि रोगजंतू बरेचसे मरतात, मात्र कडेचा माल थंडच राहतो, म्हणून पालटताना तो आत घ्यायचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, तेव्हा जमिनीवरच ढीग लावायचा.

पालटणीची मजुरी हा जुना आक्षेप. बंगळूर पद्धतीत (आचार्य, १९३९) पालटणीच नाही, पण सहा ते आठ महिने लागतात. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत जाळीदार विटांच्या टाकीमुळे हवा आपोआप खेळते आणि ९०–१०० किलो शेणात काम भागतं, मात्र एका टाकीत जवळपास १,७५० किलो माती पडते, तेव्हा इंदूर आणि नाडेप खतांची तुलना नुसत्या वजनावर करू नये.