स्थिरीकृत यीस्टद्वारे बिअरचे सलग किण्वन

माल्टच्या गोड काढ्यात, म्हणजे वर्टमध्ये, यीस्ट मोकळे न सोडता सच्छिद्र आधारावर बसवून किंवा जेलमध्ये कोंडून त्यावरून वर्टचा प्रवाह सतत सोडत राहण्याची पद्धत. एका टोकाने वर्ट आत जातो, दुसऱ्या टोकाने कच्ची बिअर बाहेर पडते.

बिअर एरवी घाण्याघाण्यानेच होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतली रूढ रीत म्हणजे टाकी भरायची, यीस्ट घालायचे, लागर (कमी तापमानात आंबवलेली बिअर) असेल तर आठवडाभर आंबवून पुढे थंडीत मुरवायची, मग टाकी रिकामी करून धुवायची. हे चक्र मोडण्यासाठी न्यूझीलंडच्या मॉर्टन काउट्स यांनी १९५६ मध्ये सलग किण्वनाचे पेटंट घेतले; त्यात यीस्ट मात्र मोकळेच होते. मोकळ्या यीस्टची अडचण अशी, की प्रवाह वाढवला तर तेही वाहून जाते. बांधून ठेवले तर थोड्या जागेत दाट यीस्ट मावते आणि मुख्य किण्वन एकदोन दिवसांवर येते.

बांधण्याची सर्वांत सोपी कृती प्रयोगशाळेतली. सोडियम अल्जिनेटच्या चिकट द्रावणात यीस्ट कालवून ते कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबथेंब सोडतात. थेंब पडताच गोठतो आणि तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी साचतात. दिसायला झकास; पण वर्टमधील फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते, मणी मऊ पडतात आणि आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड त्यांना फोडतो. म्हणून मोठ्या प्रमाणावर सच्छिद्र काच, सिरॅमिक, डीईएई-सेल्युलोज (यीस्ट चिकटून राहील असे प्रक्रिया केलेले सेल्युलोज) किंवा लाकडाचे तुकडे वापरले गेले.

खरी अडचण चवीची. कोंडलेले यीस्ट फारसे वाढत नाही, त्यामुळे अमिनो आम्लांचा वापर बदलतो, एस्टरांचे, म्हणजे फळांसारखा वास देणाऱ्या संयुगांचे, प्रमाण बिघडते आणि डायअॅसिटिल वाढते. या शेवटच्या पदार्थाला लोण्यासारखा वास येतो. लोणी भाकरीवर शोभते, लागरमध्ये नाही. नेहमीच्या पद्धतीत मुरण्याचे बरेच दिवस यीस्टला हा वास मोडण्यासाठीच द्यावे लागतात. स्थिरीकृत यीस्टचा सर्वांत यशस्वी उपयोगही इथेच झाला: फिनलंडमध्ये कच्ची बिअर प्राणवायू टाळून सुमारे ९० अंश सेल्सियसपर्यंत काही मिनिटे तापवून, थंड करून यीस्टच्या स्तंभातून (बांधलेले यीस्ट भरलेल्या उभ्या नळकांड्यातून) नेली, आणि आठवड्यांचे मुरणे काही तासांत उरकले. नेदरलँड्समध्ये कमी अल्कोहोलच्या बिअरसाठी ही पद्धत वापरली गेली. तिथे थंडीत थोडाच वेळ संपर्क ठेवून वर्टचा कच्चेपणा घालवायचा असतो, आंबवायचे जवळपास नसतेच.

साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीचे सलग किण्वन चांगले रुळले आहे. तिथे शेवटी अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने वेगळे काढायचे असते, मधल्या चवीशी कुणाला देणेघेणे नसते. बिअरमध्ये जे आंबते तेच ग्लासात येते.

मराठवाड्यात या पद्धतीचा विचार पाण्यापाशी येऊन थांबतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. सलग पद्धतीत टाक्या वारंवार धुवाव्या लागत नाहीत, एवढी बचत खरी. पण बाटल्या, वाफ आणि शीतकरण यांचे पाणी तिने कमी होत नाही. आणि स्तंभात एकदा जंतू शिरले, की सगळी मांडणी थांबवून, उपसून, धुऊन नव्याने यीस्ट बसवावे लागते.